सहा दोरे आणि दिवेआगरचं वस्त्रदर्शन

कुलाबा जिल्ह्यात जाताना माझ्या पिशवीत चार पानांचं निवेदन होतं. परत आले तेव्हाही ती चार पानं पिशवीतच होती. त्यातला पहिला परिच्छेद सोडला तर कुणी काही ऐकलेलं नाही. निघताना मला कुणी हे सांगितलं असतं तर मी भांडले असते. आज मात्र हलकं वाटतं आहे, आणि का वाटतं आहे ते सांगण्यासाठीच हे लिहिते.

आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांपैकी एकीत वडिलांचा छापखाना आहे. मला अक्षरओळख झाली ती शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. सभांची, संपांची, निषेधाची पत्रकं वाळत घातलेल्या दोरीखाली मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे गेल्या दिवाळीत एका हॉटेलात एका गिरणीची फॅशन परेड पाहिली तेव्हा घरी येऊन मी जेवायच्या आधी पत्रक लिहिलं. त्या परेडीत बायकांची लुगडी आणि पातळं दाखवायला वीस मुली फळ्यांच्या वाटेवरून चालल्या. पुरुषांचे कोट मात्र लाकडी ठोकळ्यांना घालून कोपऱ्यात उभे केले होते. शेवटी एक तरुण आला, तोही शेवटच्या मुलीचा हात धरून तिला खाली उतरवण्यापुरता. मी लिहिलं की एकाच मागावरून उतरलेलं कापड; त्याचा सदरा झाला तर तो मानाने टांगायचा आणि साडी झाली तर तिच्यासाठी बाई फिरवायची, हा कुठला न्याय? स्वराज्याला दहा-बारा वर्षं झाली तरी बघणारा कोण आणि बघितली जाणारी कोण, हे ठरलेलंच आहे.

पत्रक एका विणकर संघाच्या चिटणिसांच्या हाती पडलं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि चहा मागवून म्हणाले, "मग तुम्हीच करून दाखवा की."

संघाचे तळा या गावी पाच माग आहेत. चार मागांवर लुगडी निघतात, ती खपतात. पाचव्या मागावर काशीबाई साळी नावाची बाई पुरुषांच्या सदऱ्याचं चौकटीचं कापड विणते. ते खपत नाही, कारण गिरणीचं शर्टाचं कापड सगळीकडे मिळतं. कमिटीने ठरवलं होतं की माघात दिवेआगरला वस्त्रदर्शन करायचं, संघाचे तपासनीस प्रधान यांनी ते पाहायचं, आणि काशीबाईच्या कापडाला तिथेही मागणी आली नाही तर पाचवा माग सोडवून दुसऱ्या गावी न्यायचा. काशीबाई विधवा. माग गेला की तिला सुताच्या कांड्या भरायचं काम मिळणार होतं, दुसऱ्याच्या मागासाठी.

मी हो म्हटलं आणि तळ्याला सूचनांचं पत्र पाठवलं. सहा बायका, सहा पुरुष. जोडीने चालतील, एकाच वाटेने. शाळामास्तरांच्या अक्षरात काशीबाईचं उलट पत्र आलं की बायकांच्या कपड्यांचं आम्ही बघतो, पुरुषांना तेवढं दिघीला शिंप्याच्या दुकानी मापाला पाठवावं लागेल, कारण इकडे फक्त बायका मापाला दुकानात उभ्या राहत नाहीत, दोऱ्याला गाठी मारून माप पाठवतात. वाचून माझा संताप झाला. पुरुषाने छाती पुढे काढून दुकानात उभं राहायचं आणि बाईने घरात बसून दोरा पाठवायचा! मी परतीच्या टपालाने लिहिलं, "पुरुष दुकानी जाणार नाहीत. या वेळी पुरुषांची मापं बायकांनी घ्यावीत." 'बायकांनी' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या. या रेघा लक्षात ठेवा.

नागाव

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आणि तिथून एस.टी.ने अलिबागमार्गे नागावला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चिटणिसांच्या मावशींच्या वाडीत उतरले. नारळ-पोफळींच्या मधून वाट, वाटेच्या कडेने पाण्याचा पाट आणि तो पाट ओलांडून घरात जायचं. मावशींनी हातात तांब्या दिला आणि माझ्या ट्रंकेकडे पाहून विचारलं की लग्नाला आलीस का. वस्त्रदर्शन म्हणजे काय ते मी सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पुरुष चालणार? मिरवणुकीशिवाय?"

संध्याकाळी वाडीमागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि पातेरा पेटवायचा. मुंबईला शेंगा उकडतात त्यात पाणी असतं. इथे पाण्याचा थेंब नाही, तरी शेंगा मऊ आणि धुरकट गोड. मी किती खाल्ल्या ते मावशींनी मोजलं असावं, कारण सकाळी त्यांनी न मागता ओव्याची पूड दिली.

झोपताना मी निवेदन दुरुस्त केलं. 'मिरवणूक' हा शब्द जिथे जिथे होता तिथून काढला.

तळा

तळा हे टेकड्यांच्या कुशीतलं गाव. किल्ल्याच्या पायथ्याशी बाजार आणि बाजारामागे संघाची कौलारू लांबट शेड. आत जमिनीत खड्डे खणून पाच माग बसवलेले. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, त्यामुळे शिरताना आधी माणसांची फक्त डोकी आणि खांदे दिसतात. चार डोकी टोपीवाली होती, पाचवं पदर घेतलेलं.

काशीबाईने धोटा थांबवला नाही. हातातली ओळ पुरी केली, मग वर आली. उंच, काटक बाई, चाळिशीची असेल. मी पिशवीतलं निवेदन तिला वाचून दाखवायला काढलं तर म्हणाली, "ताई, आधी जेवा. कागद काय पळत न्हाय."

कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. जेवताना तिने सगळं सांगितलं. भरडखोलची हिराबाई कोळीण सुकी मासळी घेऊन होडीने मांदाडला उतरते आणि तळ्याच्या बाजाराला येते. ती काशीबाईची जुनी मैत्रीण. चालणारे सहा पुरुष म्हणजे हिराबाईचा नवरा, होडीचा नाखवा, आणि त्याच्या होडीवरचे पाचजण. चालणाऱ्या सहा बायका त्यांच्याच घरच्या. मी सांगितल्याप्रमाणे हिराबाईने घराघरात जाऊन पुरुषांची मापं घेतली, दोरे आणि कापडाचं थान दिघीला हसनमिया शिंप्याकडे दिलं आणि 'संघाचे सहा, बाह्या कोपरापर्यंत' असा निरोप ठेवला. "तुमच्या सांगण्यापरमाण सगळं झालं," काशीबाई म्हणाली.

मला फार बरं वाटलं.

जाताना तिने मागाकडे एकदा पाहिलं. मागावरचा उभ्या सुताचा ताणा संपत आला होता. हातभर उरला असेल. भिंतीवरच्या खुंटीला हिरव्या सुताची एक लड अडकवलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाली की नवा ताणा मिळाला तर चौकटीत एक हिरवी रेघ घालायची आहे, म्हणून दिवाळीला सूत स्वतः रंगवून ठेवलं. मग पदराने लडीवरची धूळ झटकली आणि ती होती तिथेच ठेवून निघाली.

मांदाड ते दिघी

मांदाडच्या खाडीत ओहोटीबरोबर होडी सोडली की शीड फारसं लागत नाही, पाणीच नेतं. दोन्ही काठांना चिखल, चिखलात तिवरं, तिवरांवर बगळे. पुढे खाडी रुंद होत जाते आणि तोंडाशी जंजिऱ्याचा किल्ला पाण्यात बसलेला दिसतो. मला किल्ल्याबद्दल बरंच बोलायचं होतं, पण होडीत काशीबाई, दोन ट्रंका, तीन शेळ्या आणि एक आजोबा होते आणि शेळ्यांपैकी एकीने माझ्या निवेदनाच्या चौथ्या पानाचा कोपरा खाल्ला. आजोबा म्हणाले, "शेवटच पान हाय ना? मंग काय न्हाय."

हसनमियाचं दुकान धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. एक यंत्र, एक फळी आणि भिंतीवर दोन खिळे. एका खिळ्यावर कागदाच्या चिठ्ठ्या टोचलेल्या, त्या पुरुषांच्या मापांच्या. दुसऱ्यावर दोऱ्यांचा घोस. प्रत्येक दोऱ्याला खूण बांधलेली: कुणाला मणी, कुणाला बांगडीचा तुकडा, कुणाला लाल चिंधी. मिया साठीचे, पांढरी दाढी, कानामागे खडू. आम्हाला बघून उठले, काशीबाईला सलाम केला आणि मोठ्या अभिमानाने फळीखालून गाठोडं काढलं.

"असं काम मी दहा वर्षांत केलेलं नाय," ते म्हणाले. "आतून शिवण बघा, बाई. उलटं घातलं तरी चालेल."

गाठोडं सुटलं. काशीबाईचं चौकटीचं कापड, तेच. पण त्याचे सदरे नव्हते. पुढे हुक, गळा गोल, बाह्या कोपरापर्यंत. सहा पोलकी.

काशीबाईने सहाही एकेक करून उलगडली. मी पोलकं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग मियांना विचारलं की हे काय. मिया भिंतीकडे वळले. त्यांनी दुसऱ्या खिळ्यावरून सहा दोरे काढले. जाळ्याचा, झाडाच्या सालीत रंगवलेला तांबूस दोरा. प्रत्येकाला दोन गाठी, एक छातीची, एक खांद्याची.

"हे काय, हे दोरे," ते म्हणाले. "हिराबाईने आणून दिले. बाईमाणूस दोरा आणते तो बाईचा दोरा. अब्बांच्या वेळेपासून हेच हाय. पुरुषाचा दोरा कधी असतो?"

मी विचारलं की छातीचं माप केवढं आहे ते दिसलं नाही का.

"दिसलं ना. म्हटलं, कोळणी हायत. रोज डोक्यावर पाटी नेतात. खांदे असणारच."

उंचीची गाठच नव्हती, कारण सदरा गुडघ्याच्या वर चार बोटं हे सगळ्यांना ठाऊक, आणि पोलकं कमरेच्या वर हेही सगळ्यांना ठाऊक. बाही कोपरापर्यंत, ती दोन्हीला चालते. मियांच्या बाजूने चूक एकही नव्हती. सगळं थान कापलं गेलं होतं आणि वस्त्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं.

मियांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तौबा तौबा म्हणत ते दोरे बोटाला गुंडाळायला लागले. आपल्या हातून एका बाईचा माग बुडाला, असं काहीसं पुटपुटत होते. हिराबाईने तरी सांगायचं होतं, काशीबाई म्हणाली. पुरुषांचे आहेत म्हणून एक शब्द. मग तीच म्हणाली की हिराबाईला तरी काय माहीत, तिने जन्मात शिंप्याला माप दिलं असेल ते स्वतःचंच.

तेव्हा मला ते पत्र आठवलं, आणि दोन रेघा. गिरगावात बसून मी दोन रेघा ओढल्या होत्या आणि त्या दिघीच्या या भिंतीवर दोन खिळ्यांच्या बरोबर मध्ये येऊन पडल्या होत्या. चूक मियांची नाही, हिराबाईची नाही, माझी आहे, असं मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कारण पुटपुटून सांगितलेली कबुली मला पत्रकांतही आवडत नाही. मिया म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही असं बोलू नका," आणि चहा मागवला.

दिवेआगर

छकड्यातून आम्ही दोघी दिवेआगरला पोचलो. उतरलो ती वाडी भाऊंची. भाऊ म्हणजे आमचे यजमान, सुपारीचे बागाईतदार, संघाचे हितचिंतक. घराच्या पुढून थेट समुद्राच्या बाजूपर्यंत पोफळींच्या दोन रांगांमधून वाट जाते, सारवून गुळगुळीत केलेली. याच वाटेने चालायचं होतं. बाकं दोन्ही बाजूंनी मांडून ठेवली होती. इतकी सुंदर वाट त्या हॉटेलातही नव्हती, आणि आमच्याकडे अर्धेच कपडे होते.

भाऊंच्या घरच्या वहिनींनी फणसाच्या कुयरीची भाजी केली होती, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. घास गिळताना मी ठरवत होते की प्रधानांना काय सांगायचं. एक वाक्य तयारही झालं होतं: 'पुरुषांच्या कापडाची पोलकी हा संघाचा नवा प्रयोग आहे.' वाक्य चांगलं होतं. कुणाला खोटं वाटलं नसतं. पण मी वडिलांच्या छापखान्यात वाढले आहे. खोट्या बातमीचा मजकूर आला की ते खिळे परत पेटीत टाकायचे. मीही ते वाक्य तसंच टाकलं.

हिराबाई उजाडताच भरडखोलहून चालत आली, पाठोपाठ पाच बायका. गुडघ्यापर्यंत चापून नेसलेली लुगडी, अंगावर फडक्या, अंबाड्यात अबोली. पोलकी पाहून तिने आधी तोंडावर हात ठेवला, मग हसायला लागली आणि थांबेचना. तिने पोलकं अंगाला लावलं. खांद्याला बरोबर बसलं. "माझ्या नाखवाचं माप नि माझं माप येकच हाय," ती म्हणाली. "आज कळलं." दोघींना सैल होत होतं, काशीबाईने सुई घेऊन बगलेत टाके घातले.

पण पुरुषांचं काय, मी विचारलं. सहा पुरुष काहीच नवं न घालता चालले तर ते परेडीतल्या त्या तरुणासारखे, नुसते बायकांच्या शोभेला.

हिराबाईने ट्रंक उघडली आणि तळ्याच्या लुगड्यांमधलं एक उचललं, निळं, तांबड्या काठांचं. "कात्री दे."

कशाला, म्हणून मी विचारलं.

"आमचं लुगडं जुनं झालं की त्याचे रुमाल होतात. दादल्यांच्या कमरेला काय असतं ग बाय? आमचंच लुगडं असतं. त्ये जुनं असतं, ह्ये नवं हाय, येवढंच."

इकडच्या कोळ्यांचा रुमाल म्हणजे चौकोनी कापड. तिकोनी दुमडून कमरेला बांधायचं. मी होडीवर, धक्क्यावर, बाजारात तो शेकडो कमरांना पाहिला होता आणि तो कुठून येतो असं एकदाही विचारलं नव्हतं. बायकांचे आणि पुरुषांचे कपडे एका वाटेवर कसे आणावेत यावर मी चार पानं लिहिली होती, आणि हे लोक न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या तेच नेसत होते.

कोरं लुगडं कापायला काशीबाईचा हात धजेना. ज्याने विणलं तो विणकर तिच्या शेजारच्या मागावर बसतो. शेवटी कात्री मी चालवली आणि संघाच्या वहीत माझ्या नावावर लुगडं लिहून घ्यायला सांगितलं. एका लुगड्यातून सहा रुमाल निघाले आणि पदर उरला. पदर हिराबाईने घडी करून कमरेला खोचला, विचारलं नाही.

दुपारी प्रधान आले. बारीक चष्मा, बगलेत दोन वह्या. एकीच्या पुठ्ठ्यावर 'बायकांचा माल', दुसरीच्या 'पुरुषांचा माल'. बाकांवर गाव जमलं होतं: वाड्यांतल्या बायका, शाळामास्तर आणि त्यांची बायको, दिघीहून मिया, तेही सर्वांत मागे, पोफळीच्या आड. मी पुढे होऊन प्रधानांना आधीच सगळं सांगितलं. दोरे, खिळे, माझं पत्र, कापलेलं लुगडं. त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे पुरुषांचा माल दाखवायला नाहीच," ते म्हणाले, आणि वही मांडीवर मिटून ठेवली. काशीबाईने ती मिटलेली वही पाहिली. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

मी निवेदन वाचायला उभी राहिले. पहिला परिच्छेद संपला तेव्हा पुढच्या बाकावरची एक म्हातारी मायेने म्हणाली, "बाय, कापड दिसतंय की. तू बस." लोक हसले. मी बसले.

बायका चालत आल्या. मला भीती होती की त्या लाजतील. पण या बायका रोज बाजारात चारशे डोळ्यांपुढे बसून भाव सांगतात. त्यांना बघितलं जाण्याची धास्ती कशाला? हिराबाई तर बाकावरच्या बायकांकडेच बघत चालली, जणू गिऱ्हाईक पारखते आहे. लाजले ते पुरुष. सहाचे सहा भाताच्या उडवीमागे उभे आणि बाहेर येईनात. मागून खुसफुस ऐकू येत होती. शेवटी हिराबाई वाटेच्या मधोमध थांबली आणि वळून म्हणाली, "नाखवा, दर्यात वारा फिरला तरी भ्यायचा न्हाईस, आणि बाकड्यावरच्या बायांना भ्यालास?"

उडवीमागून उत्तर आलं, "हातात काय धरू?"

हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. परेडीतल्या मुलींच्या हातात छत्र्या, पिशव्या, फुलं दिली होती. मला तो अपमान वाटला होता. भाऊंनी घरातून एक वल्हं आणून दिलं, कुणी जाळं दिलं, कुणी नारळांचा घड. मग ते आले. लाल टोपी, पांढरी बंडी, कमरेला तो निळा तांबड्या काठांचा रुमाल, आणि शेजारी बायको, तिच्या अंगात तिच्या नवऱ्याच्या मापाचं चौकटीचं पोलकं. नाखवा मान खाली घालून, पण दमदार चालला. जोडी पुढे गेली. बाकांवर एकदम सगळे बोलायला लागले.

खरी गोष्ट नंतर घडली. चालणं संपल्यावर वाड्यांतल्या बायका हिराबाईभोवती जमल्या आणि तिच्या बाहीचं कापड चिमटीत धरून चोळायला लागल्या. गिरणीच्या पोलक्याला घाम आला की चिकटतं, हे चिकटत नाही, मास्तरांची बायको म्हणाली. वहिनींनी विचारलं की चौकट बारीक मिळेल का. कुणी विचारलं की कुठल्या गावचं. हिराबाईने काशीबाईचा हात धरून तिला मध्ये ओढलं. काशीबाई पदर सावरत राहिली, तेव्हा मागून मियाच पुढे आले आणि म्हणाले की हे कापड कात्रीखाली पळत नाही, शिवणीत विरत नाही, आणि ज्यांना हवं त्यांनी दोरे पाठवावेत. "बायकांचेच पाठवा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं.

प्रधान उठून बायकांच्या घोळक्याशी आले. मग त्यांनी वही उघडली, पण ती दुसरी होती. 'बायकांचा माल'. बायका सांगत गेल्या, ते लिहीत गेले. नंतर मला म्हणाले, "सदऱ्याचं कापड खपलं नाही, हे मी लिहीन, कारण ते खरं आहे. पोलक्याचं कापड खपेल, हेही लिहीन. तेही खरं आहे. माग तळ्यातच राहील."

माझ्या तोंडात शब्द आलेच. तेच कापड, तोच माग, तीच बाई. मग बायकांच्या वहीत का? दोन वह्या तरी कशाला? मी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात काशीबाईने मागून माझा पदर ओढला.

"ताई, कुठल्या वहीत लिव्हतात ते लिवूद्यात," ती म्हणाली. "माग तळ्यात ऱ्हातोय ना?"

मी प्रधानांना लिहू दिलं. वह्यांचं भांडण मी सोडलेलं नाही. संघाला पत्र लिहिलं आहे, आणि त्यात रेघाही आहेत. पण ते भांडण माझं आहे. ते तिच्या मागावर बसून करायचं नाही, एवढं मी शिकले.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. ओल्या वाळूवर काशीबाई पाण्याच्या कडेने पुढे पुढे चालत राहिली, हात मोकळे सोडून. तळ्यापासून समुद्र एवढा जवळ असून ती किनाऱ्यावर पहिल्यांदाच आली होती, असं ती म्हणाली. कधी वेळच झाला नाही.

परत

दिघीला होडीची वाट बघताना मी मियांच्या दुकानात गेले आणि सरळ सांगितलं की माझं माप घ्या, पोलकं शिवायचं आहे. इकडच्या बायका दुकानात उभ्या राहत नाहीत, तर एक तरी राहू दे. मियांनी कानांवर हात ठेवले. "बाई, एकदा तुमच्या पत्राने माझी फजिती झाली. पुन्हा नको." मग त्यांनी यंत्रातला दोरा तोडून काशीबाईच्या हातात दिला. तिने दुकानाच्या बाहेर, पायरीवर, माझं माप घेतलं आणि गाठी मारल्या. मी हरले, पण फार वाईट वाटलं नाही, कारण आत बघते तो भिंतीवर दोन खिळ्यांच्या मधे तिसरा खिळा ठोकलेला.

हा कशाला, मी विचारलं.

"बाईने आणलेले पुरुषांचे दोरे," मिया म्हणाले. "सुरुवात झालीय. नाखवाला सदरा हवाय आणि त्याला मापाला यायला लाज वाटते." खिळ्यावर एक तांबूस दोरा लोंबत होता.

काल टपालाने एक पुडकं आलं. आत माझं पोलकं, आणि पोलक्याच्या गळ्यात तो दोरा, गाठींसकट, बांधून दिलेला. घालून पाहिलं. खांद्याला, बाहीला, कुठे कमी नाही, जास्त नाही. वडील छपाईच्या शाईचे हात पुसत आले आणि म्हणाले की कापड छान आहे. मी उजेडात धरून पाहिलं. चौकटीत, तांबड्या आणि पांढऱ्याच्या मधून, एक बारीक हिरवी रेघ होती. दिघीला दिलेल्या थानात हिरवी रेघ नव्हती.